‘लाटा स्लो मोशनमध्ये चालतात’ या एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. फ्लाइट सिम्युलेटर गेमसाठीचं आमचं समुद्राचं ॲड-ऑन घेऊन तुमची निराशा झाली त्याबद्दल मनापासून सॉरी. फ्रेम रेट पडतो (चित्र अडखळतं) म्हणालात ते बरोबर आहे, जुन्या ग्राफिक्स कार्डवर पडतो, तसं खरेदीच्या पानावर लिहिलेलंही आहे. पण "लाटा स्लो मोशनमध्ये चालतात, समुद्र कमी आणि तेल जास्त, चक्क फसवणूक" हे जे लिहिलंत ना, ते फार लागलं, कारण लाटेचा वेग आम्ही मनाने ठरवलेलाच नाहीये.

खोल पाण्यात लाट किती जोरात जाणार हे तिच्या पिरियडवर ठरतं, म्हणजे एक शिखर गेल्यावर दुसरं यायला किती सेकंद लागतात त्यावर. त्या सेकंदांना १.५६ ने गुणा, मीटर प्रति सेकंद वेग मिळतो. तुमच्या व्हिडिओत स्वेल, म्हणजे लांबून आलेल्या मोठ्या लाटा, १० सेकंदांवर आहे, म्हणजे १५.६ मीटर प्रति सेकंद, तासाला ५६ किलोमीटर, आणि दोन शिखरांत अंतर १५६ मीटर. गेममध्ये अगदी तेवढंच आहे, स्टॉपवॉच लावून मोजा. आता तुम्ही उडताय २०,००० फुटांवर ४५० नॉटने, विमान सेकंदाला २३० मीटर जातंय आणि लाट १५.६, मग वरून ती थांबल्यासारखीच दिसणार, खऱ्या पायलटलाही तशीच दिसते! वेग दुप्पट करणं आम्हाला एका ओळीचं काम होतं, पण तसं केलं की डोळ्याला लगेच समुद्र लहान वाटतो, टबात पाणी हलवल्यासारखा, कारण मोठी लाट डोंगरासारखी दिसत असली तरी शिखरं सावकाशच येतात हे नजरेला माहीत असतं.

तेलासारखं दिसण्याचं म्हणाल तर वारा तुम्ही शून्यावर ठेवलाय. स्वेल लांबच्या वादळातून येतो, त्याला तुम्ही उडताय तिथे वारा लागत नाही, पण पांढरा फेस यायला तिथेच वारा हवा, साधारण ७ ते १० नॉटला फेस तुरळक दिसायला लागतो. १५ करा आणि बघा. कॅरिअर (विमानवाहू जहाज) हलत नाही हे तुमचं म्हणणंही तसंच, निमित्झ क्लासचं जहाज ३३३ मीटर लांब, १५६ मीटरच्या लाटा त्याच्याखालून निघून जातात. पिरियड १४-१५ सेकंद करा, लाट जहाजाएवढी लांब होते, मग डेकची टोकं वर-खाली होतात आणि लँडिंगला खरा घाम फुटतो. आम्ही हे सगळं केलंय ते त्या लँडिंगसाठीच.

आम्ही दोघंच जण आहोत सर. तुमच्या तक्रारीवर त्याच दिवशी मेसेज करून मिशन फाइल मागितली होती, उत्तर आलं नाही, डायरेक्ट एक स्टार आला, आणि नवीन माणूस सगळ्यात आधी तोच वाचतो.

पुढच्या अपडेटला लो सेटिंग जरा हलकी करतोय आणि वारा-स्वेलच्या स्लायडरपाशी काहीतरी समजावणारं टाकू. मिशन फाइल अजूनही पाठवलीत तर आम्ही स्वतः चालवून बघू, आणि १५ नॉट वारा, १५ सेकंद स्वेल ठेवून एकदा ५०० फुटांवरून उडून बघा, प्लीज.