‘एकेरीत जमलं नाही म्हणून दुहेरी’? नाही पटलं

हंगेरीची टेनिसपटू टिमेआ बाबोश ‘एकेरीत यश न मिळाल्याने दुहेरीकडे वळली’ हे लेखातलं वाक्य खटकलं. वळली कुठे? २०१० साली ज्युनियर गटातच तिने अमेरिकेच्या स्लोन स्टीफन्सबरोबर फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस ओपन अशी तीन दुहेरी विजेतेपदं मिळवली होती! आणि एकेरीत ती २०१६ साली जगात २५वी होती. २०१८च्या जानेवारीत फ्रान्सच्या क्रिस्टिना म्लादेनोविचबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरी जिंकली आणि लगेच फेब्रुवारीत तैपेईत एकेरीची स्पर्धाही जिंकली. याला अपयश म्हणायचं तर मग बोलणंच खुंटलं.

मी स्वतः गेली बारा वर्षं रविवारी सकाळी क्लबात दुहेरी खेळतो. आधी मलाही वाटायचं, अर्धंच कोर्ट सांभाळायचं, त्यात काय मोठंसं! नेटजवळ उभं राहिल्यावर कळलं की चेंडू अंगावर येतो तेव्हा विचार करायला वेळच नसतो, आणि जोडीदार कुठे आहे हे मागे वळून न बघता ठाऊक असावं लागतं. (आमचं अजूनही ‘तुझा, तुझा’ म्हणत दोघांच्या मधून चेंडू जातो, ते सोडा.) २०२०च्या यूएस ओपनमध्ये अव्वल मानांकन असताना म्लादेनोविच करोनाबाधिताच्या संपर्कात आल्याने बाबोश-म्लादेनोविच जोडीला स्पर्धेबाहेर जावं लागलं. त्यानंतर साधारण महिन्याभरातच दोघींनी फ्रेंच ओपन दुहेरी जिंकली, तीही सलग दुसऱ्या वर्षी. लेखात याचा उल्लेखही नाही, हे जास्त खटकलं.