‘खाणं शिकवायला शाळा कशाला?’ या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आहार आणि स्वयंपाक हा घरचा विषय, शाळेत तो घेतला की गणित-भाषेचे तास बुडतात, चिमुरड्यांच्या हाती सुरी देणं धोक्याचं, आणि इतकं करूनही मुलं भाज्या खात नाहीतच, असं त्यात म्हटलंय. मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते आणि हे तास स्वतः घेते, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

आधी तासांचं. मागच्या खेपेस मी वर्गात फळांच्या पेयाची रिकामी बाटली नेली होती. लेबलवर १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर, बाटली २०० मिलिलिटरची. मुलांनी २२ ग्रॅम काढले, चमचाभर साखर साधारण ४ ग्रॅम धरून भागाकार केला आणि साडेपाच चमचे साखर वाटीत मोजून ठेवली. ती वाटी बघून वर्ग गप्प झाला. मग आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा घेतली. अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी. ज्या मुलाला दिवसाला १५०० किलोकॅलरी लागतात, त्याच्यासाठी ही मर्यादा साधारण ३७ ग्रॅम होते. म्हणजे निम्म्याहून जास्त साखर त्या एका बाटलीत संपली. गुणाकार, भागाकार, टक्केवारी, बारीक अक्षरांचं वाचन, सगळं एका तासात झालं. यात गणित बुडालं कुठे?

आता ‘घरचा विषय’. सवयी घरी लागतात, मान्य. पण प्रत्येक घरात वेळ, पैसा आणि माहिती सारखी नसते. ज्या मुलाचे आईवडील रात्री उशिरा दमून येतात, त्याला ‘घरी शीक’ म्हणणं म्हणजे शिकूच नको म्हणणं. घटकांच्या यादीत जे वजनानं सर्वांत जास्त ते सर्वांत आधी लिहितात, ही साधी गोष्टसुद्धा कितीतरी मोठ्या माणसांना माहीत नसते. जपाननं २००५ साली आहारशिक्षणाचा कायदा केला, त्यात पालक आणि शिक्षक दोघांचीही भूमिका धरली आहे.

सुरीचं भय मला कळतं. म्हणून सुरुवात हातांनी पानं खुडण्यापासून होते, सुरी नंतर, तीही लहान, आणि एका वेळी चार-पाच मुलांनाच. अंगठा आणि बोटांची कमान करून भाजी धरायची, पातं कमानीखालून चालवायचं. न शिकवता कधीतरी घरात एकट्यानं उचललेल्या सुरीची मला जास्त काळजी वाटते.

‘खात नाहीतच’ हा मुद्दा मात्र सविस्तर बोलण्यासारखा आहे. नवी चव बहुतेक मुलं पहिल्यांदा नाकारतात. तीच गोष्ट आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. आपण दोन-तीनदा बघून ‘याला आवडत नाही’ असं ठरवून टाकतो. जबरदस्तीनं तिटकारा वाढतो, आणि ‘भाजी संपव, मग गोड देते’ म्हटलं की गोडाचीच किंमत वाढते. माझ्या वर्गात खायची सक्ती नाही. हुंगा, हात लावा, जिभेला टेकवा, नको असेल तर बाजूला ठेवा. एक मुलगी पहिले चार तास बिटाला हातही लावत नव्हती. पाचव्या तासाला तिनं ते किसलं, लाल झालेली बोटं सगळ्यांना दाखवली आणि कुणी न सांगता एक बोट चाटलं. बीट तिला आवडलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या तासाला किसणी तिनंच मागून घेतली.

मेसेजमधली एक तक्रार रास्त आहे. काही ठिकाणी डबे उघडून वर्गादेखत मुलांना टोकलं जातं. ते थांबलंच पाहिजे. डबा मूल भरत नाही, आणि घरची परिस्थिती त्याच्या हातात नसते.