‘सिटीला इतिहासच नाही’ म्हणणाऱ्यांना

मँचेस्टर सिटी हा इंग्लंडचा फुटबॉल क्लब जिंकला की एक पोस्ट हमखास फिरते: ‘या क्लबला इतिहासच नाही. 2008 मध्ये अबू धाबीचा पैसा आला. त्याआधी ना ट्रॉफी, ना मोठे खेळाडू, ना प्रेक्षक.’ पैशावरचा राग समजतो. प्रीमियर लीगने 2023 मध्ये ठेवलेल्या आर्थिक आरोपांचा छडा लागायलाच हवा. पण त्या रागापायी 1880 पासूनची सव्वाशे वर्षं पुसून टाकणं चूक आहे. 2019 मध्ये मुंबई सिटी हा आपला फुटबॉल क्लबही याच मालकांच्या गटात गेला होता, त्यामुळे आपल्याकडे तरी हे नीट माहीत असावं.

‘ट्रॉफी नव्हत्या.’ 2008 आधी दोनदा इंग्लंडची मुख्य लीग, चार एफए कप (इंग्लंडची नॉकआउट स्पर्धा), दोन लीग कप आणि 1970 चा युरोपियन कप विनर्स कप. 1968 ची लीग तर शेवटच्या दिवशी न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर 4-3 हरवून घेतली, तीही शहरातल्याच मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून. त्याच युनायटेडने त्याच महिन्यात युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) उचलला! 1976 नंतर मात्र 35 वर्षं एकही मोठी ट्रॉफी आली नाही, हे खरंच आहे.

‘मोठे खेळाडू नव्हते.’ इथे मला खरा राग येतो. बर्ट ट्राउटमन हा जर्मन सैन्यातला पॅराट्रूपर. ब्रिटिशांचा युद्धकैदी झाला आणि सुटल्यावर लँकेशायरमध्येच राहिला. 1949 मध्ये सिटीने त्याला गोलकीपर म्हणून घेतलं, तेव्हा हजारो लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. मँचेस्टरचे रब्बी अलेक्झांडर आल्टमन स्वतः नाझींपासून पळून आलेले. त्यांनीच जाहीर पत्र लिहून त्याला संधी द्यायला सांगितलं. 1956 च्या एफए कप फायनलमध्ये, 17 मिनिटं उरली असताना, त्याने बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीच्या पायांत झेप घेतली आणि मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर बसला. बदली खेळाडू तेव्हा चालत नसे. मान धरून तो गोलमध्ये उभा राहिला, पुढेही बॉल अडवले, सिटी 3-1 ने जिंकली. एक्स-रे निघाला काही दिवसांनी: मानेचा मणका मोडला होता.

आणि सिटीचा मिडफिल्डर कॉलिन बेल? 1975 मध्ये गुडघा गेला. दोन वर्षांनी, 26 डिसेंबर 1977 ला, न्यूकॅसलविरुद्ध हाफ टाइमनंतर तो मेन रोड या सिटीच्या तेव्हाच्या मैदानावर उतरला. 0-0 ची मॅच सिटीने 4-0 ने मारली. नुसत्या त्याच्या येण्याने स्टेडियम पेटलं होतं.

‘प्रेक्षक पैशाबरोबर आले.’ 1934 मध्ये स्टोकविरुद्धच्या कप मॅचला मेन रोडवर 84,569 लोक होते. इतकी गर्दी दुसऱ्या कुठल्याच इंग्लिश क्लबने आपल्या स्वतःच्या मैदानावर पाहिलेली नाही. बरं, ते जुने दिवस म्हणून सोडून द्या. 1998-99 मध्ये सिटी तिसऱ्या स्तरावर घसरली होती, यॉर्कसारख्या संघाकडून हरत होती, तरी घरच्या मॅचला सरासरी 28 हजारांवर लोक यायचे. त्या मोसमाची प्लेऑफ फायनल, म्हणजे वरच्या स्तरावर जाण्यासाठीची मॅच, वेम्बलीवर गिलिंगहॅमशी झाली. 90 मिनिटं होत आली तरी सिटी 0-2 मागे, कित्येक जण उठून निघालेही. मग हॉरलॉकचा गोल, 95व्या मिनिटाला डिकोवचा आणि पेनल्टीवर गोलकीपर निकी वीव्हरने दोन शॉट अडवले; सिटी जिंकली. अबू धाबीचा पैसा यायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती.