300 वर्षं की लाख वर्षं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

'अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन लाख वर्षं घातक राहतं असं लिहून तुम्ही लोकांना घाबरवताय. अर्धायुष्य लांब म्हणजे किरणोत्सर्ग मंद, एवढंही ठाऊक नाही? 300 वर्षांत सगळं निवतं,' असं तुम्ही लिहिलंत. झोंबलं, पण त्यातलं निम्मं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक. प्लुटोनियम-239चं अर्धायुष्य 24,100 वर्षं, 'म्हणून ते तेवढी वर्षं प्राणघातक' असं मी लिहून गेलो. अर्धायुष्य म्हणजे पदार्थ निम्मा विझायला लागणारा काळ; त्याचा असा अर्थ होत नाही. आयोडीन-131 आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणूनच ते इतकं तापट. प्लुटोनियम सावकाश विझतं आणि त्याचे अल्फा कण साधा कागदही अडवतो. धोका त्याची धूळ श्वासातून आत गेली तर. तुमचा मुद्दा मान्य.

आता तुमची 300 वर्षं. भट्टीत अणू फुटून तयार होणाऱ्या सीझियम-137 आणि स्ट्राँशियम-90 यांची अर्धायुष्यं तीस वर्षांच्या आसपास. दहा अर्धायुष्यांनी हजारावा भाग उरतो. बाजीराव 1720 साली पेशवे झाले, तेव्हा कुणी हे पुरलं असतं तर आज जवळपास तेवढंच उरलं असतं. भट्टीतून काढून दहा वर्षं झालेल्या इंधनाजवळसुद्धा आडोशाशिवाय उभं राहिलं तर काही मिनिटांत जीवघेणी मात्रा मिळते, ती मुख्यतः सीझियममुळे. तो जोर तीन शतकांत खरंच ओसरतो.

पण इंधनात हे दोघंच नसतात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसारख्या, साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीतून निघालेल्या इंधनात सुमारे 95 टक्के युरेनियमच असतं, विखंडनाची राख (अणू फुटून उरलेले पदार्थ) तीन-चार टक्के आणि प्लुटोनियम एक टक्का. सगळा घोळ या एका टक्क्याचा. अजिंठ्यातली सर्वांत जुनी लेणी खोदली तेव्हापासून आजवर, बावीसेक शतकांत, प्लुटोनियम-239 जेमतेम सहा टक्के घटलं असतं. वर आणखी एक गंमत: प्लुटोनियमचाच दुसरा प्रकार, प्लुटोनियम-241, भराभर विझतो, पण त्यातून अमेरिशियम-241 हे दुसरं किरणोत्सर्गी मूलद्रव्य तयार होतं, अर्धायुष्य 432 वर्षं. म्हणजे पहिली काही दशकं अमेरिशियम कमी होण्याऐवजी वाढतच जातं! हे सगळं धरलं तर, ज्या खनिजातून इंधन काढलं त्याच्या विषारीपणाच्या पातळीवर उतरायला लाखाहून जास्त वर्षं लागतात.

तुमचा आकडा लागू पडतो तो प्लुटोनियम आणि अमेरिशियम दोन्ही काढून घेतलेल्या कचऱ्याला. आपल्याकडे इंधनावर फेरप्रक्रिया करून प्लुटोनियम वेगळं काढतात आणि उरलेला कचरा काचेत गोठवतात, त्यामुळे इथे तो आकडा वारंवार ऐकू येत असावा. फिनलंडने मात्र फेरप्रक्रिया न करता अख्खं इंधनच तांब्याच्या डब्यांत घालून, भोवती बेंटोनाइट माती दाबून, ओंकालो या भूमिगत साठ्याच्या खडकात चारशे मीटरहून खोल पुरायचं ठरवलं. तिथलं गणित तीन शतकांपाशी थांबवून चाललं नसतं.

मूळ लेखातलं 'प्राणघातक' आज काढून टाकलं आहे. 'लाख वर्षं' मात्र तसंच ठेवलंय.