भाषण लक्षात राहिलं, चित्रं नाही
कलासंग्रहालयांनी व्याख्यानं वाढवली की प्रदर्शनांना लोक आपोआप येतील, असं एका लेखात म्हटलंय. मला शंका आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात), म्हणजे जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. आज कुणालाही विचारा, उद्घाटनाला अमोल पालेकरांना बोलताना मध्येच अडवलं होतं, एवढंच आठवतं. (अडवलं ते चूकच. संग्रहालयाच्या कारभाराबद्दल संग्रहालयात नाही बोलायचं तर कुठे?) पण बरव्यांचं काय?

नागावचा हा माणूस विणकर सेवा केंद्रात नोकरी करत चित्रं काढायचा. कॅनव्हासवर चक्क दारं-खिडक्यांना लावतात ते एनॅमल रंग वापरायचा. घड्याळ, पान, लिफाफा अशा रोजच्या वस्तू रिकाम्या अवकाशात अशा ठेवायचा की आपण थबकतो. शिवाय चित्रविचार मराठीत लिहून ठेवलेला, म्हणजे भाषेचीही अडचण नाही. अशा चित्रकारावर व्याख्यान ठेवायचं तर सभागृह, स्लाइड्स आणि सत्कार कशाला हवेत? पंधरा-वीस जणांना घेऊन एकाच चित्रासमोर अर्धा तास उभं राहा आणि मराठीत बोला. प्रश्न विचारू द्या, अगदी "यात काय आहे हो?" हासुद्धा. वक्ता समीक्षकच हवा असं नाही, जेजे कला महाविद्यालयात शिकवणारा किंवा शिकणाराही चालेल. आणि हे शनिवार-रविवारी ठेवा. कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचला विरार-बदलापूरहून कोण येणार?