सोळा वारस आणि आमचं भाषेचं भांडण

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि २९ जूनला सरकारने दोन्ही मागे घेतले. तेवढ्या काळात आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज रणकंदन. पुण्याचा दादा एका टोकाला, ठाण्याची ताई दुसऱ्या. मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, त्यामुळे ‘तू तिकडे बसून बोलू नकोस’ हे माझ्या वाट्याचं ठरलेलं वाक्य. तरी बोलते. मुलांनी कोणत्या इयत्तेत कोणती भाषा शिकायची यावर सगळ्यांनी घसे कोरडे केले. ती शिकून सुट्टीच्या दुपारी लोळत वाचायचं काय, हे कोणाच्या तोंडून आलं नाही.

आमच्या घरात त्याच सुमारास एलन रस्किन यांची ‘द वेस्टिंग गेम’ चालू होती. १९७८ ची मुलांसाठीची रहस्य कादंबरी, १९७९ मध्ये न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालेली. बाई मिलवॉकीत जन्मलेल्या आणि गोष्टही इथल्याच मिशिगन सरोवराकाठची. कागदाच्या धंद्यात गब्बर झालेल्या सॅम वेस्टिंगच्या मृत्युपत्रात सोळा वारस निघतात. त्यांच्या आठ जोड्या, जोडीमागे दहा हजार डॉलर आणि शब्द लिहिलेल्या काही चिठ्ठ्या. कोडं सुटलं तर वीस कोटी डॉलर. साहजिकच आपल्या चिठ्ठ्या कोणी दुसऱ्याला दाखवत नाही. टर्टल नावाची तेरा वर्षांची पोर, वेणी ओढणाऱ्याच्या नडगीवर लाथ घालणारी, तिला आपल्या चिठ्ठ्यांत शेअर बाजारातल्या कंपन्यांची चिन्हं दिसतात आणि ती खुशाल पैसे बाजारात लावते. एक सेक्रेटरीबाई मृत्युपत्राचं वाचन लघुलिपीत टिपून घेते, तेही पोलिश भाषेत. तरी वही चोरीला जातेच.

रात्री जेवणं झाली की मी मोठ्याने वाचायचे. मुलाने चिठ्ठ्यांचे सगळे शब्द कागदावर उतरवून फ्रिजवर लावले होते. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्यांची रीत वेगळी. शब्दांकडे बघायचंच नाही, माणसं तपासायची. ‘एका लेकीचं एवढं कौतुक आणि दुसरीकडे ढुंकून बघत नाही, ही बाई काहीतरी लपवतेय.’ इंग्रजी भरभर वाचलं की त्यांना सुटून जायचं, मग नातवाला मराठीत सांगावं लागे. एरवी ‘आजी, इट्स ओके’ यापुढे न जाणारा हा मुलगा आजीचा संशय खोडून काढायला मराठीत वकिली करायला लागला. क्रियापदं चुकत, लिंग चुके, पण मुद्दा सोडत नसे. रविवारच्या मराठी शाळेने हे कधी साधलं नव्हतं, आणि तिथे मीही शिकवते.

या पुस्तकातली मोठी माणसं मुलांइतकीच हट्टी, मत्सरी आणि घाबरट आहेत, म्हणून त्यात आजीलाही काम मिळतं आणि नातवालाही. आपल्या बऱ्याच बालसाहित्यात मोठी माणसं शेवटच्या पानावर उपदेश करायलाच येतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याला सणसणीत अपवाद, पण तिथेही धाडस फेणेचं आणि आपण प्रेक्षक. चिठ्ठी वाचकाच्या हातात देऊन ‘सोडव बघू’ म्हणणारी, अख्ख्या घराला कामाला लावणारी मराठी कादंबरी माझ्या तरी वाचनात नाही. सामग्रीला तोटा आहे का? किती घरांच्या माळ्यावर मोडी लिपीतले कागद पडलेत आणि घरात वाचणारं कोणी नाही. सांकेतिक लिपी आयती मिळालीय की.

दादाचं म्हणणं, तुमच्याकडे फुकटचं वाचनालय आहे, हवं ते पुस्तक मागवून ठेवतात. आमच्याकडे डिपॉझिट भरा आणि एका वेळी एक न्या. हे खरंच आहे. पण इकडेही सगळं सोन्याचं नाही. मूल वीस मिनिटं वाचल्याची पालकांनी रोज सही करायची, हा इथला गृहपाठ, त्याने वाचनाची हजेरी होते फक्त. शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तकं काढून टाकायची भांडणं वेगळीच. उलट बालभारतीचा ‘किशोर’ १९७१ पासून निघतोय आणि जुने अंक नेटवर फुकट आहेत. हे ग्रुपवर टाकलं तर दोन अंगठे आले आणि पुन्हा हिंदी सुरू.

सासूबाईंनी मात्र परत जाण्याआधी कथानकच रचून दिलं. कोथरूडची सोसायटी, पुनर्विकासाचा करार सहीवर आलेला, सेक्रेटरी अचानक गायब आणि सोळा सभासदांच्या लेटरबॉक्समध्ये मोडीतली एकेक चिठ्ठी. सेक्रेटरी परत यायला नको, यावर त्या ठाम आहेत. पार्किंगची जागा हे कारण.