काजूच्या कारखान्यात बघा

मालाचा दर्जा सांभाळण्याचा कार्यक्रम धंद्याच्या धोरणातून निघावा, असं एका लेखात वाचलं आणि ते पटलं. पण ते शॉपफ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, कसं उतरतं? वेंगुर्ला-सावंतवाडीकडचा काजू घ्या. धोरण 'अख्खा गर, गिफ्ट पॅक' असेल तर १०० किलो गरात अख्खे किती आणि तुकडा कुठल्या टप्प्यावर पडला, हे मोजायचं. वाफवलेली बी पुरती थंड न होता कटरवर घेतली तर मऊ गराला पातं लागतं. टरफलातून काढलेला गर ड्रायरमध्ये जास्त सुकला तर त्याची पातळ साल झकास सुटते, पण तो कडकडीत होऊन सोलताना दुभंगतो. मग डब्ल्यू ३२० चा (अख्ख्या पांढऱ्या गराची एक प्रत) माल पाकळीच्या, म्हणजे दुभंगलेल्या गराच्या, भावात जातो. गिऱ्हाईक मिठाईवाला असेल तर मात्र अख्खेपणाचा हट्ट कशाला? तिथे ओलावा ५ टक्क्यांच्या आत आणि खवट वास नको, एवढं सांभाळा. (आपल्याकडच्या पावसाळ्यात तेही सोपं नाही, उघडा ठेवलेला गर लगेच ओल धरतो.)

आयएसओ ९००१:२०१५ या दर्जा व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात दर्जा धोरण कंपनीच्या दिशेला धरून हवं, असं स्पष्ट आहे. प्रत्यक्षात ते फ्रेम करून ऑफिसात टांगतात, आणि सोलणीची मजुरी सरसकट किलोवर! मग हात पळणार आणि तुकडा वाढणारच. अख्ख्या गराला वेगळा दर लावा.